दाब, शाई आणि हातकागद

शुभेच्छापत्र हाताने करायचे ठरले की घरात आधी रंगपेटी बाहेर येते. पहिल्या दोन पत्रांवरची फुले छान उतरतात, पाचव्यापर्यंत हात जड होतो आणि यादीतली बाकीची नावे तशीच राहून जातात. शुभेच्छापत्र एकाच माणसासाठी असते असे क्वचितच घडते. दिवाळीला ते मामांकडे जाते, आत्याकडे जाते, जुन्या बाईंना जाते, नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या मित्राला जाते. आतला मजकूर माणसागणिक बदलतो, वरची आकृती मात्र तीच चालते. एकच आकृती पुन्हा पुन्हा, तितक्याच नेटकेपणाने उमटवायची असेल तर ते काम चित्रकाराचे राहत नाही, मुद्रकाचे होते. ठसे आणि डाय वापरून केलेले शुभेच्छापत्र म्हणजे घरातल्या टेबलावर मावणारा छापखाना. त्याच्याकडे असे पाहिले की त्याची साधने, त्याच्या अडचणी आणि त्यातली गंमत सगळे नीट उलगडत जाते. आणि हे सांगायला भांडगावहून सोयीची जागा मला दिसत नाही.

भांडगाव दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर, यवत आणि चौफुला यांच्या मध्ये. आजूबाजूला ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा धूर. पुण्याकडून येताना आधी उरुळी कांचन लागते, जिथे गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार केंद्र सुरू केले. भांडगाव ओलांडून चौफुल्यावर वळले की केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे गाव. आणि उलट दिशेने पुण्यात शिरले की शिवाजीनगरला हातकागद संस्था आणि पेठांमधली लग्नपत्रिकांची, पंचिंगची दुकाने. कागद, छपाईचे खिळे आणि कापणारी पाती, तिन्ही गोष्टींची जुनी घरे या एका रस्त्याच्या आसपास आहेत. परदेशी साहित्याच्या खोक्यातून ही कला आपल्याकडे आली असा समज असतो. खोके परदेशातून आले असेल, कला नाही.

आधी दाबाचे गणित पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ठसा आणि डाय ही एकाच कुळातली साधने. दोन्हींत आकार दिलेली कड कागदावर दाबायची असते. एकीच्या तोंडाला शाई असते, दुसरीच्या तोंडाला धार. पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा भरीव ठसा घ्या. त्याचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर. त्यावर हाताने १० किलोंचा भार दिला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.४ किलो येतो. शाई कागदावर उतरायला तेवढा पुरतो. आता त्याच मापाच्या चौकोनाची डाय घ्या. तिची कड २० सेंटिमीटर लांब, पण पात्याची जाडी समजा मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे कागदाला टेकणारे क्षेत्र फक्त ०.२ चौरस सेंटिमीटर. तोच १० किलोंचा भार इथे दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो होतो, ठशाच्या सव्वाशे पट. हात तोच, भार तोच, पण तो अरुंद कडेवर एकवटला की कागद तुटतो. ठसा पुसट का उमटतो आणि डाय अर्धवट का कापते, या दोन्ही तक्रारींची उत्तरे या हिशोबात आहेत.

दाबाने आकृती उमटवण्याची विद्या आपल्याकडे छापखान्याच्या आधीपासून होती. मोहोर होती, शिक्का होता, कापडावरचे लाकडी ठसे होते. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने एका तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरायला घेतली आणि त्या खटपटीतून पुढे १८०५ मध्ये मिरजेला भगवद्गीता छापली गेली. भांडी घडवणाऱ्या हाताने अक्षरे उलटी कोरली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज खोडरबरावर पहिल्यांदा नाव कोरणारी मुलगी त्या तांबटाचीच अडचण सोडवत असते. ठशावर जे उजवीकडे आहे ते कागदावर डावीकडे जाणार.

केडगावात ही विद्या बायकांच्या हातात आली. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले आणि त्या दशकाच्या अखेरीस केडगावच्या माळावर मुक्ती उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून आणि पुढच्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा इथे आणल्या. त्यांना नुसता आसरा द्यायचा नव्हता, पोटापाण्याचे काम शिकवायचे होते. शेती, विणकाम, शिवण, गाईगुरे यांच्या जोडीला मुक्तीत छापखाना होता. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, पुस्तक बांधणे ही कामे तिथल्या मुली-बायका करत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि तो ग्रंथ १९२४ मध्ये वाचकांपुढे आला. एवढा जाड ग्रंथ खेड्यातल्या बायकांच्या छापखान्यात अक्षर-अक्षर जुळवून छापला जातो, हे त्या काळाच्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहावे. जुळाऱ्याचे काम पुरुषांचे, असे तेव्हा कुणालाही वाटले असते.

मुक्तीत दाबाचे आणखी एक काम चाले आणि ते शुभेच्छापत्र करणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावे. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंच्या पुढाकाराने तिथल्या अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. ब्रेलमध्ये शाई नाहीच. जाड कागद पाटीच्या खाचांवर ठेवायचा आणि टोचणीने मागच्या बाजूने टिंबे दाबायची. पालथा केला की ती टिंबे वर येतात, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते. शुभेच्छापत्रांच्या छंदात ज्याला एम्बॉसिंग किंवा उठाव म्हणतात त्याची कृती अगदी हीच. जाळीदार साचा खाली, कागद पालथा वर, आणि गोल टोकाच्या टोचणीने साच्याच्या कडेकडेने दाब द्यायचा. टोक अणकुचीदार असेल तर कागद फाटतो, गोल असेल तर तंतू ताणले जाऊन फुगतात. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ पासून ठरलेले आहे आणि त्यातली मराठी अक्षरे शिकायला अवघड नाहीत. ओळखीत कुणी ब्रेल वाचणारे असेल तर त्यांच्या पत्रावर शुभेच्छा टिंबांत द्यावी. ज्यांना शाईचा उपयोग नाही त्यांनाही आपल्या हातचे पत्र वाचता यावे.

आता ठशांकडे. सुरुवात स्वयंपाकघरातून करणे सगळ्यात चांगले, कारण फुकट असते आणि लवकर शिकवते. भेंडी आडवी चिरली की देठाजवळच्या तुकड्यात पाच पाकळ्यांचे तयार फूल मिळते. कोबीचा अर्धा गड्डा झाडासारखा उमटतो. बटाटा अर्धा कापून त्यावर दिवा कोरता येतो, मात्र चिरल्यावर त्याचे पाणी फडक्याने टिपून थोडा वेळ सुकू द्यायचा, नाहीतर रंग पातळ होऊन ओघळतो. भाज्यांच्या ठशांना दाट पोस्टर रंग चांगला. शाईच्या पॅडवर त्या दाबल्या तर पॅड खराब होते. भाजीचा ठसा एका संध्याकाळपुरता, दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो.

टिकाऊ ठसा हवा असेल तर मोठे खोडरबर किंवा लिनोचा तुकडा घ्यायचा. आकृती ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने काढायची, तो कागद रबरावर पालथा ठेवून मागून चोळायचे, म्हणजे चित्र आपोआप उलटे उतरते. कोरताना पाते बाहेरच्या बाजूला कलते धरावे. रेषेची बैठक वरच्यापेक्षा रुंद राहिली तर ती दाबाखाली दुमडत नाही. सरळ उभी कोरलेली बारीक रेषा चार-दोन छापांनंतर वाकडी होते आणि ओळ दुहेरी उमटते. नवशिक्यांचे ठसे बिघडतात ते बहुतेक याच कारणाने.

ज्याला कोरायचे नाही त्याने रबरी शिक्के करणाऱ्याकडे जावे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता वापरून रबर टणक आणि टिकाऊ केले, त्यानंतरच रबरी शिक्का शक्य झाला, आणि कचेरीतल्या बाबूंच्या टेबलावर तो आजही आहे. शिक्के करणारी दुकाने तालुक्याच्या गावीही सापडतात. ती सोसायटीचे, वकिलांचे, दवाखान्यांचे शिक्के करतात, पण काळ्या शाईत काढलेली कुठलीही आकृती दिली तर तिचाही शिक्का होतो. मुलाने काढलेला बैल, आजीची सही, घराच्या दारावरचे तोरण. बाजारातले परदेशी ठसे सुबक असतात, पण त्यांच्यावर बहुधा गुलाब, फुगे आणि बर्फाचे कण असतात. आपल्या माणसाला आपल्या अंगणातली खूण पाठवावी असे मला वाटते. भांडगावकरांना तर नक्षी शोधायला लांब जावे लागत नाही. यवतजवळच्या डोंगरावरच्या भुलेश्वराच्या यादवकालीन देवळात दगडातली वेलबुट्टी आणि भौमितिक पट्टे भरपूर आहेत, आणि प्रसिद्ध अशी स्त्रीरूपातली गणेशमूर्तीही आहे. दगडाला काहीही न लावता वहीत रेखाटन करून आणावे, घरी त्याचा ठसा करावा.

शाईचे दोन मुख्य प्रकार. एक कागदात मुरते, लवकर वाळते, पण मऊ कागदावर पसरते. दुसरीत रंगद्रव्याचे कण असतात, ती कागदावर बसते, वाळायला वेळ घेते आणि रंग गडद देते. हातकागदाला दुसरी बरी. ती ओली असतानाच तिच्यावर उठावाची पूड भुरभुरावी, जास्तीची झटकून डबीत परत घ्यावी आणि हीट गनने तापवावी. पूड वितळून अक्षर चकचकीत वर येते. केस वाळवण्याचे यंत्र इथे कामाचे नाही, त्याची हवा पूड उडवते आणि उष्णताही पुरत नाही. शाई लावताना ठसा पॅडवर न आपटता पॅडच उलटे करून ठशावर हलके टेकवत जावे, म्हणजे खोलगट भागात शाई जात नाही. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या ठेवल्या की टेबलाचा खडबडीतपणा भरून निघतो. आणि ठसा टेकवल्यावर तो डुलवायचा नाही. सरळ खाली, सरळ वर.

कापण्याची कथा वेगळ्या दिशेने आली. आकार दिलेल्या पोलादी पात्यांनी एका दाबात तुकडा कापणे ही युक्ती एकोणिसाव्या शतकात चामड्याच्या जोड्यांच्या तळव्यांसाठी वापरात आली. कागदात ती रुजली एका चुकीमुळे. १८७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी वर सरकली आणि तिने पिशव्या कापूनच टाकल्या. गेअर यांनी फुकट गेलेला माल पाहिला आणि त्यांना सुचले की कापणे आणि घडीची रेघ पाडणे एकाच फटक्यात होऊ शकते. घडीचे पुठ्ठ्याचे खोके त्यातून आले, आणि औषधाच्या खोक्यापासून मिठाईच्या पेटीपर्यंत आज सगळे त्याच वाटेने तयार होते.

पुण्यात लग्नपत्रिकांच्या व्यवसायात ही विद्या रोजची आहे. प्लायवूडच्या फळीत आकृतीप्रमाणे खाचा करतात, त्यांत पोलादी पट्ट्या वाकवून ठोकतात. कापायची तिथे धारेची पट्टी, घडी हवी तिथे बोथट पट्टी. पट्ट्यांच्या बाजूने रबराचे तुकडे चिकटवतात, ते कापून झालेला कागद वर ढकलतात. अशी डाय यंत्रावर चढवून पत्रिकेचे पंचिंग आणि क्रिझिंग होते, आणि गणपतीची आकृती कापलेली, कमानीतून आतले नाव दिसणारी पत्रिका तयार होते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठ्याच्या मखरांचा व्यवसाय वाढला, त्यामागेही हेच कापण्याचे तंत्र आहे. तेव्हा डाय कटिंग हा शब्द छंदवाल्यांच्या तोंडी नवा असला, तरी आपल्या सणासमारंभांत ते कधीच येऊन बसले आहे.

घरगुती यंत्र मात्र वेगळ्या रचनेचे असते. दोन रूळ, एक हातदांडा, आणि रुळांमधून सरकणारे थर. सगळ्यात खाली पाटी, तिच्यावर कापण्याची पारदर्शक प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धार टेकवून ठेवलेली पत्र्याची पातळ डाय आणि वर दुसरी प्लेट. दौंड तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला उसाचा चरक पुरतो. रुळांमधले अंतर ठरलेले, त्यातून जाणारा माल त्या अंतरापेक्षा किंचित जाड, म्हणून दाब. याच कारणाने थरांची जाडी हा यंत्राचा जीव आहे. डाय कापत नसेल तर दांड्यावर जोर करू नये. थरांत एक-दोन साधे कागद वाढवावेत, तेवढ्याने दाब वाढतो. फार जाड थर कोंबला तर रूळ अडतात किंवा प्लेट तडकते. प्लेट एकाच बाजूने वापरली की ती वाकते, म्हणून दर खेपेला पालटावी. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट: चौकोनी डाय रुळांकडे सरळ न ठेवता तिरपी ठेवावी. सरळ ठेवली तर तिची पूर्ण बाजू एकदम रुळाखाली येते आणि भार लांब कडेवर विभागला जातो. तिरपी ठेवली की एका वेळी थोडीच कड दाबली जाते आणि ती स्वच्छ कापते. सुरुवातीच्या गणिताचा हा रोजचा उपयोग.

यंत्राला काही हजार रुपये पडतात, एकट्याने घ्यायला ते जड आहे. बचत गटाने मिळून घेतले आणि हंगामाआधी आळीपाळीने वापरले तर परवडते. यंत्र नसले तरी काम अडत नाही. सुरीने, कात्रीने, आकार पाडणाऱ्या साध्या पंचनेही सुंदर पत्रे होतात. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि कागदी पताका कापणारे हात गावोगाव आहेतच.

देवनागरी अक्षरे कापायची वेळ आली की एक आनंदाची गोष्ट लक्षात येते. रोमन लिपीत शब्द कापला की अक्षरे सुटी होऊन हातात येतात, एकेक चिकटवत बसावे लागते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. ‘दिवाळी’ कापले तर अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. आपली लिपी या कामासाठीच घडवली आहे असे वाटावे इतके ते सोपे जाते. अडचणी थोड्या, पण नेमक्या आहेत. अनुस्वाराचे टिंब शिरोरेषेपासून सुटे असते, ‘संक्रांत’ शब्दातली दोन्ही टिंबे कापताच गळून पडतात. त्यांना बारीक देठाने शिरोरेषेला जोडावे किंवा वेगळी चिकटवावीत. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेषा मध्ये तुटलेली असते, म्हणून ‘शुभ’ लिहिताना अक्षरे शेजारच्या उभ्या दांड्याला टेकतील अशी जवळ आणावीत. साचा करायचा असेल, म्हणजे अक्षराच्या जागी भोक हवे असेल, तर हिशोब उलटा होतो. ‘व’, ‘ब’, ‘म’ यांच्या पोटातला कागद बेट होऊन गळतो, त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारे पूल ठेवावे लागतात. आणखी एक. बाजारात मिळणाऱ्या देवनागरी नमुन्यांत ‘ल’ आणि ‘श’ बहुतेकदा हिंदी वळणाचे असतात. मराठी पत्रावर मराठी वळणाचेच असावेत असा माझा आग्रह आहे. अक्षरे स्वतः लिहून त्यांची आकृती करून घ्यावी, तेवढे कष्ट सार्थकी लागतात.

कागदाविषयी सांगितल्याशिवाय यातले काहीच पूर्ण होत नाही. पुणे जिल्ह्यात कागद हाताने करण्याची परंपरा जुनी आहे. जुन्नरचा कागद पेशव्यांच्या दप्तरांत वापरला जाई, पुण्याच्या कसबा पेठेत कागद्यांची वस्ती होती, तिचे नाव कागदीपुरा आजही टिकून आहे. जुने दोर, गोणपाट कुटून लगदा करायचा, साच्यावर ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ आणि घोटाई यांमुळे बोरूची शाई पसरत नसे. गिरणीच्या कागदाने हा धंदा मोडीत काढला. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीत तो पुन्हा उचलला गेला आणि त्याच प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला कागद चित्रकारांनी, कचेऱ्यांनी वापरला, आणि कागदाबरोबर पाकिटे, वह्या, शुभेच्छापत्रेही तिथे मिळू लागली.

चिंध्यांच्या कागदाचा तंतू लांब, म्हणून तो चिवट. घडीवर तुटत नाही, उठाव घेतो, ठशाखाली किंचित दबून शाई धरतो. गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेने झुकलेले असतात, त्या दिशेने घडी घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर कड तडकते. कागदाची पट्टी ओली करून पाहावी, ती जिच्याभोवती वळते ती दिशा तंतूंची. हातकागदात ही दिशा जवळजवळ नसते, कारण साचा हलवताना तंतू सगळीकडे पसरतात. पत्राच्या मुख्य तावासाठी दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा, कापून चिकटवायच्या तुकड्यांना त्याहून हलका चालतो. हातकागद बारीक डायने कधी कधी नीट कापला जात नाही, कारण ताव सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. अशा वेळी बारीक नक्षी गिरणीच्या कागदात कापून हातकागदावर चिकटवावी. त्याची फाटकी, रेशादार कोर मात्र कापून टाकू नये.

आणि ऊस? गुऱ्हाळावर रस काढून उरलेले चिपाड वाळवून त्याच गुऱ्हाळाच्या चुलवणात जाते. त्यातले थोडे बाजूला ठेवले तर त्याचा कागद होतो. चिपाड बारीक तोडून धुण्याच्या सोड्यात शिजवायचे, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, कुटायचे. उसाचा तंतू आखूड असल्याने नुसत्या चिपाडाचा ताव कडक आणि ठिसूळ होतो, घडीवर मोडतो. म्हणून जुन्या सुती कपड्यांचा लगदा त्यात मिसळावा. होणारा कागद मातकट पिवळसर असतो आणि त्यावर तपकिरी शाईचा ठसा फार शोभतो. शाळेतल्या मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा, शिजवण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे.

शुभेच्छापत्र बाजारात आले तेच मुळी अर्धे यंत्राचे आणि अर्धे हाताचे होते. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात उत्तर द्यायच्या पत्रांचा ढीग साचला. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतले, हजारभर प्रती छापल्या आणि त्या हाताने रंगवून घेतल्या. रेषा यंत्राची, रंग हाताचा. त्याच्या तीन वर्षे आधी तिथे एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली नसती तर ही कल्पना चालली नसती. आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या ‘क्राय’ने शुभेच्छापत्रे विकून मुलांसाठी निधी उभा केला, आणि त्या दशकांत दिवाळीच्या आठवड्यात पोस्टमनची पिशवी जड असे. आता शुभेच्छा मोबाइलवर येतात आणि चौकातल्या फ्लेक्सवर लागतात. त्या पोचतात, पण जपून ठेवता येत नाहीत. कपाटात, दिवाळी अंकाच्या पानांत ठेवलेले पत्र वीस वर्षांनी सापडते, हा फरक मला मोठा वाटतो.

या सगळ्याचा मेळ घालायला संक्रांतीचे पत्र करून पाहावे. ए-४ ताव अर्धा कापून घडी घालावी, घडीची रेघ आधी बोथट सुरीने किंवा रिफिल संपलेल्या पेनाने पट्टीच्या कडेने दाबून घ्यावी. पुढच्या पानावर भेंडीच्या ठशाने तिळाच्या फुलांची किनार उमटवावी आणि वाळू द्यावी. रंगीत हलक्या कागदातून पतंगाचे तीन तुकडे कापावेत, यंत्राने किंवा सुरीने, आणि एकावर एक किंचित सरकवून चिकटवावेत. डिंक पातळ असला तर कागद सुरकुततो, म्हणून दाट खळ किंवा दुतर्फी चिकटपट्टी वापरावी. ‘तिळगूळ’ हा शब्द शिरोरेषेसह एका तुकड्यात कापून पतंगाखाली लावावा. आत मजकूर छापू नये. ठसा वरच्या आकृतीसाठी, आतली ओळ प्रत्येकासाठी वेगळी आणि आपल्या अक्षरात. दहा पत्रे करायची असतील तर एकेक पत्र पुरे करत बसू नये. आधी दहांच्या घड्या, मग दहांची किनार, मग दहांचे पतंग. छापखान्यात काम असेच चालते आणि हात त्यातच बसतो.

पूर्वी पत्रासोबत हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत घालून पाठवत. ते आजही करता येते, फक्त पुडी सपाट असावी आणि घडीच्या आतल्या बाजूला चिकटवावी. वजनाची काळजी नको. ए-५ मापाचा २५० ग्रॅमी ताव जेमतेम आठ ग्रॅम भरतो. पतंग, पाकीट आणि हलवा धरूनही साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सगळे बसते. पाकीट पत्रापेक्षा प्रत्येक बाजूने अर्धा सेंटिमीटर मोठे करावे, उठाव असेल तर थोडे आणखी. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि टपालाचा शिक्का तिथेच जोरात बसतो. म्हणून पतंगाचा जाड भाग आणि हलव्याची पुडी पाकिटाच्या डाव्या खालच्या बाजूला येईल अशी पत्राची रचना आधीच करून ठेवावी.